बुडालेला गेम, मामेभावाचे पैसे आणि नवी मोहीम

ताई, मी २९ वर्षांचा आहे. अहिल्यानगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. गेमचं वेड लहानपणापासूनचं. २०२१ मध्ये किकस्टार्टरवर (नव्या प्रकल्पांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणारी साइट) एका परदेशी स्टुडिओच्या गेमसाठी मी २५० डॉलर्स दिले, तेव्हाचे साधारण साडेअठरा हजार रुपये. त्यात गेम, आर्टबुक, एक छोटी मूर्ती आणि गेमच्या शेवटच्या नामावलीत माझं नाव, असं सगळं मिळणार होतं. मी इतका भारावलो होतो की दोन मित्रांना आणि मामेभावालाही तयार केलं. त्यांचे प्रत्येकी ६० डॉलर्स माझ्याच कार्डावरून गेले, त्यांनी मला रोख दिले. गेम २०२३ मध्ये यायचा होता. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, अपडेट येणं कमी झालं आणि आता स्टुडिओने कळवलंय की पैसे संपले, काम थांबवतोय. मित्र काही बोलले नाहीत. पण मामेभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याने दिवाळीत जमलेले पैसे दिले होते. परवा घरच्या कार्यक्रमात मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या गेमच्या पैशांचं काय झालं रे?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे परत मिळतील का? नाही मिळाले तर मी पदरचे भरावेत का? आणि खरं सांगतो, आता एका नावाजलेल्या जुन्या डिझायनरची नवी मोहीम सुरू झाली आहे. ४०० डॉलर्सच्या टियरवर (ठरावीक रकमेला ठरावीक वस्तू देणारा गट) माझा डोळा आहे. मुदत संपायला थोडेच दिवस उरलेत. देऊ का?
— एक वाचक, अहिल्यानगर

नमस्कार,

पैसे परत मिळणार नाहीत असंच धरून चाला. हे आधी सांगते, कारण या आशेवर माणसं महिनोन् महिने ईमेल तपासत बसतात.

किकस्टार्टरचे नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. तुमचा व्यवहार गेम बनवणाऱ्याशी आहे, किकस्टार्टर त्यात पक्षकार नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्येच त्यांनी जाहीर केलं होतं की आम्ही दुकान नाही. मोहीम यशस्वी झाली की ते आपले पाच टक्के घेतात, कार्डाच्या व्यवहाराचा खर्च वेगळा कापला जातो आणि बाकी रक्कम स्टुडिओच्या खात्यावर जाते. स्टुडिओला काम पूर्ण करता आलं नाही तर त्याने काय करायचं, तेही नियमांत आहे. काय घडलं ते सांगायचं, पैसा कुठे खर्च झाला ते दाखवायचं आणि काही उरलं असेल तर ते परत करण्याची तयारी दाखवायची. उरलं असेल तर! जो गेम पैसे संपले म्हणून थांबतो, त्याच्या खात्यात वाटायला काय उरणार?

बँकेकडे व्यवहाराची तक्रार करून रक्कम उलटवून घेण्याची सोय असते, पण तिला काही महिन्यांचीच मुदत असते. तुमचे पैसे २०२१ मध्ये गेले, गेम यायचा होता २०२३ मध्ये. गेम चुकला हे कळायच्या आतच ती मुदत संपून गेली. क्राउडफंडिंगमध्ये, म्हणजे अनेक लोकांकडून पैसे गोळा करून काम उभं करण्यात, हे नेहमीच होतं, म्हणून तुमच्या हातून काही राहून गेलं असं मनात आणू नका. ग्राहक आयोगाकडे घरबसल्या ऑनलाइन तक्रार करता येते, पण ज्या कंपनीचं भारतात ऑफिस नाही, मालमत्ता नाही आणि आता बहुधा पैसाही नाही, तिच्याकडून तुमचे साडेअठरा हजार वसूल कोण करणार? तो वेळ आणि मनस्ताप त्या रकमेच्या तोलाचा नाही.

अमेरिकेत तर सरकारनेच एकदा हे करून पाहिलं. 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' नावाचा एक बोर्डगेम होता. १,२४६ लोकांनी त्याला मिळून १ लाख २२ हजार डॉलर्सहून अधिक रक्कम दिली. ज्याने ती गोळा केली त्याने त्यातली बरीचशी स्वतःच्या खर्चात घातली, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. क्राउडफंडिंगवरची त्यांची ही पहिलीच कारवाई, २०१५ सालची. १ लाख ११ हजार डॉलर्सच्या वसुलीचा आदेश निघाला आणि त्याच आदेशात वसुली स्थगितही झाली, कारण त्या माणसाची भरायची ऐपत नव्हती. खुद्द अमेरिकी सरकार मागे लागूनही हे झालं.

एक मात्र करा. स्टुडिओला एक शांत, चार ओळींचं पत्र लिहा आणि खर्चाचा तपशील मागा. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. शिव्या घालू नका. त्यांचा उपयोग नसतो, आणि ज्यांनी दोन-तीन वर्षं राबून काम गमावलंय त्यांच्यावर त्या पडतात. आणि "तुमचे किकस्टार्टरचे पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा" असं म्हणत कुणी संपर्क केला तर उत्तर देऊ नका, ओटीपी तर मुळीच नाही. एकदा बुडालेल्यांच्या मागे अशी माणसं लागतातच. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आता तुमच्या पत्रात न विचारलेला, पण ओळीओळीत दिसणारा प्रश्न. आपल्याला फसवलं गेलं का? बहुधा नाही. पुण्यात परदेशी गेमसाठी आर्टवर्क करून देणाऱ्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षं वेळापत्रक आणि खर्च सांभाळायचं काम केलं आहे. त्या अनुभवावरून आणि अशा अनेक मोहिमांचे हिशोब वाचून माझं मत पक्कं झालंय की पैसे घेऊन पळणारे थोडे असतात. धोका असतो तो प्रामाणिक, उत्साही आणि फार कमी पैसे मागणाऱ्या माणसांकडून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका अभ्यासात २०१५ मध्ये सत्तेचाळीस हजारांवर बॅकर्सना, म्हणजे मोहिमांना पैसे देणाऱ्यांना, विचारलं गेलं. साधारण नऊ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेलं काहीच दिलं नाही, असं त्यातून निघालं. हा आकडा सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांचा आहे, फक्त गेमचा नाही. पण इथे सगळेच चोर आहेत असं म्हणणाऱ्यांनाही तो पुरेसं उत्तर आहे आणि काही होत नाही म्हणणाऱ्यांनाही.

तुम्ही अकाउंट्सला आहात, त्यामुळे पुढचा हिशोब तुम्हाला चटकन कळेल. गेमच्या धंद्यात अमेरिका-युरोपकडचं अंदाजपत्रक करताना एक ढोबळ आकडा धरतात : एका माणसाचा एका महिन्याचा खर्च दहा हजार डॉलर्स. यात पगार, विमा, जागा, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरची लायसन्स असं सगळं आलं. आता एखाद्या मोहिमेचं पान उघडा. आठ जणांचे हसरे फोटो आहेत, गेम दीड वर्षात येणार आहे आणि मागितलेत १ लाख २० हजार डॉलर्स. आठ गुणिले अठरा म्हणजे १४४ माणूस-महिने, म्हणजे १४ लाख ४० हजार डॉलर्स. मागितलेले पैसे दीड महिन्यात संपतील. उरलेले साडेसोळा महिने कोण पोसणार? एक तर मागे प्रकाशक आहे, किंवा ही माणसं साठवलेल्या पैशांवर जगणार आहेत, किंवा मोहिमेला लोकांचा प्रतिसाद दाखवून पुढे गुंतवणूकदार गाठायचा बेत आहे. पहिल्या दोन गोष्टी चालतील, पण त्या पानावर लिहिलेल्या हव्यात. तिसरी असेल तर तुम्ही गेमसाठी पैसे देतच नाही, पुढच्या भांडवलाच्या शोधासाठी देताय.

'क्लँग' या गेमचं असंच झालं. नील स्टीफन्सन हे अमेरिकेतले मोठे कादंबरीकार. खऱ्या तलवारबाजीसारखी तलवारबाजी गेममध्ये आणायची त्यांची कल्पना होती. २०१२ मध्ये त्यांना ५ लाख २६ हजार डॉलर्स मिळाले. त्यातून पहिलं खेळता येण्याजोगं रूप तयार झालं, पुढचा पैसा मात्र उभा राहिला नाही आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी प्रकल्प बंद केल्याचं जाहीर केलं. आपण ऐतिहासिक अचूकतेकडे फार लक्ष दिलं आणि गुंतवणूकदार ओढला जाईल इतकी गंमत त्यात आणली नाही, असं त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. गेमची मुख्य अडचण हीच आहे. पुस्तकाचा आराखडा वाचून पुस्तकाचा काहीतरी अंदाज येतो. गेमची गंमत तो हातात घेऊन खेळल्याशिवाय कळत नाही, बनवणाऱ्यालासुद्धा नाही.

गावाच्या कडेला जोत्यापर्यंत येऊन थांबलेली घरं तुम्ही पाहिली असतील, गजांना गंज चढलेला असतो. अर्धवट पैसा मिळालेले गेम तसेच असतात. काम सुरू करायला पुरेल आणि संपवायला पुरणार नाही इतका पैसा मिळणं सगळ्यात वाईट, काहीच न मिळण्यापेक्षाही वाईट. 'द स्टॉम्पिंग लँड' हा डायनोसॉरच्या जगात अनेकांनी मिळून खेळायचा गेम. २०१३ मध्ये त्यांनी मागितले होते फक्त वीस हजार डॉलर्स, मिळाले १ लाख १४ हजार. लोकांना वाटलं, पाचपटीहून जास्त मिळाले, आता काय कमी? पण सर्व्हरवर चालणाऱ्या, अनेकांनी खेळायच्या गेमला ते पैसे किती दिवस पुरणार? अर्धवट स्वरूपात तो विक्रीला आला, मग बनवणाऱ्याकडून काही कळेनासं झालं आणि शेवटी गेम स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातूनही काढला गेला.

'योगव्हेंचर्स' या गेमचा हिशोब तर मी नव्या माणसांना मुद्दाम दाखवायचे. यूट्यूबवरच्या एका लोकप्रिय गटाच्या नावाने २०१२ मध्ये ही मोहीम झाली. मागितले अडीच लाख डॉलर्स, मिळाले ५ लाख ६७ हजार. गेम बनवायचं काम एका लहान, नवख्या स्टुडिओकडे होतं. पुढे त्या स्टुडिओनेच दिलेल्या माहितीप्रमाणे एका कलाकाराला ३५ हजार डॉलर्स एकरकमी दिले गेले आणि तो साधारण दोन आठवड्यांत दुसरीकडे नोकरीला गेला. अर्धवट सोडलं तर पैसे परत, अशी अट करारात नव्हतीच. आणखी दीड लाख डॉलर्स त्या यूट्यूब गटाकडे वर्ग झाले. २०१४ च्या जुलैमध्ये गेम रद्द झाला आणि बॅकर्सना त्याऐवजी दुसऱ्याच एका गेमची प्रत मिळाली. यात दरोडा कुणी घातला नाही. एक करार कच्चा होता आणि जबाबदाऱ्या कुणाच्या, ते धड ठरलं नव्हतं. तुमच्या कारखान्यात माल पुरवणाऱ्या पार्टीला आगाऊ रक्कम देताना जेवढी कागदपत्रं बघितली जातात तेवढीही इथे नव्हती.

अनुभवी लोकांचंही असं होतं. टिम शेफर यांच्या डबल फाइन स्टुडिओने २०१२ च्या फेब्रुवारीत चार लाख डॉलर्स मागितले, त्यातले एक लाख गेम कसा बनतो याच्या माहितीपटासाठी होते. मिळाले ३३ लाख. गेम त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये येणार होता. पैसा आठपट झाला, तसा गेमचा आवाकाही वाढला. २०१३ च्या जुलैमध्ये शेफर यांनी बॅकर्सना सांगितलं की आहे त्या पैशात हे पुरं होत नाही, गेमचे दोन भाग करू आणि पहिला विकून दुसरा बनवू. 'ब्रोकन एज'चा पहिला भाग २०१४ च्या जानेवारीत आला आणि दुसरा २०१५ च्या एप्रिलमध्ये. या प्रकरणाबद्दल मला आदर आहे. अडचण दिसताच त्यांनी ती सांगितली, मार्ग काढला आणि गेम पुरा केला.

याउलट पुण्याचं उदाहरण बघा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मोहीम केली. लक्ष्य गाठलं गेलं नाही. किकस्टार्टरवर लक्ष्य पूर्ण झालं नाही तर कुणाच्याच कार्डावरून पैसे जात नाहीत, त्यामुळे बॅकर्सचा एक रुपयाही अडकला नाही. मंडळींनी चिकाटी सोडली नाही, एपिक कंपनीचं अनुदान मिळवलं, आणि २०२० मध्ये गेम जगभर विक्रीला आला. मोहीम फसली म्हणजे गेम बुडाला असं नाही. मोहीम जिंकल्यावर बुडालेल्या गेमची यादी मात्र फार मोठी आहे. (सगळ्या साइट्सचे नियम असे नसतात. इंडिगोगोवर लक्ष्य गाठलं नाही तरी जमलेले पैसे स्टुडिओला मिळतात असा प्रकार होता. पैसे देण्याआधी हे नक्की बघा, कारण जोत्यावर थांबणारी घरं तिथेच जास्त.)

वाढीव लक्ष्यांबद्दल मला राग आहे. दहा लाख झाले तर नवा प्रदेश, पंधरा लाख झाले तर आणखी एका कन्सोलवर (गेम खेळायच्या यंत्रावर) गेम, वीस लाखांवर पूर्ण आवाजी संवाद... बॅकरला वाटतं, जास्त पैसे आले म्हणजे गेम आणखी सुरक्षित झाला. खरं तर प्रत्येक पायरीला कामही वाढतं, आणि बहुतेक वेळा आलेल्या पैशापेक्षा जास्त वाढतं. 'मेगा मॅन' या गेमच्या मालिकेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या केइजी इनाफुने यांनी २०१३ मध्ये 'मायटी नंबर ९' साठी नऊ लाख डॉलर्स मागितले आणि किकस्टार्टरवरच ३८ लाखांहून जास्त मिळवले. वाढीव लक्ष्यांमुळे गेम तब्बल दहा प्रकारच्या यंत्रांवर आणायचं कबूल होऊन बसलं. गेम २०१५ च्या एप्रिलमध्ये यायचा, तो आला २०१६ च्या जूनमध्ये. समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी नाकं मुरडली, आणि हातात धरायच्या दोन कन्सोलवरच्या आवृत्त्या तर आल्याच नाहीत. आणि हा गेम हाती यायच्या आधीच, २०१५ मध्ये, त्याच मंडळींनी पुढच्या गेमसाठी नवी मोहीम उघडली होती. 'स्टार सिटिझन' या गेमची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. २०१२ ची मोहीम, २०१४ मध्ये येणार होता. लोकांकडून आलेला पैसा २०२४ मध्ये सत्तर कोटी डॉलर्सच्या पुढे गेला, आणि २०२५ पर्यंत तरी गेम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं नव्हतं.

तुम्ही घेतलेला टियर आठवा. आर्टबुक, मूर्ती, नामावलीत नाव. मूर्तीचा साचा करून घ्यायचा, कारखान्यात कमीत कमी अमुक नग काढावे लागतात ते काढायचे, खोक्यात भरून जगभर पाठवायचे, त्यावर कुरिअर आणि कस्टम्स. तुमच्या २५० डॉलर्समधला बराच भाग मूळ गेमपर्यंत पोहोचणारच नव्हता. महागडा टियर घेऊन आपण गेमला जास्त मदत करतो असं वाटतं. कितीतरी वेळा आपण फक्त मूर्ती विकत घेत असतो, आणि तीही न बघता.

आता नव्या मोहिमेकडे येते. "नावाजलेला जुना डिझायनर" हे तुम्ही हमीसारखं लिहिलंय. गेम डिझायनर पीटर मॉलिन्यू यांच्याइतकं नाव फार थोड्यांचं होतं. २०१२ मध्ये त्यांच्या 'गोडस' या गेमला पाच लाखांहून अधिक पौंड मिळाले. तो गेम पीसीवर कधी पूर्णत्वाला गेलाच नाही आणि २०२३ मध्ये स्टीमवरून काढला गेला. त्याच सुमाराच्या यशस्वी मोहिमा बघा : 'एफटीएल' या गेमने मागितले फक्त दहा हजार डॉलर्स, कारण गेमचा मोठा भाग आधीच उभा होता. दोन लाख मिळाले, आणि त्याच वर्षी गेम बाहेर. 'अंडरटेल'च्या मोहिमेवेळी खेळून बघता येईल असा डेमो उपलब्ध होता. मागितले होते पाच हजार डॉलर्स, मिळाले एक्कावन्न हजार. 'हॉलो नाइट' करणारी ऑस्ट्रेलियातली टीम चिमुकली होती, तिचं नाव तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सत्तावन्न हजार ऑस्ट्रेलियन डॉलर्सवर सुरू झालेला तो गेम २०१७ मध्ये आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. 'अंडरटेल' आणि 'हॉलो नाइट' दोन्ही ठरल्या वेळेपेक्षा उशिराच आले, म्हणून उशिराला घाबरू नका. मोहिमेच्या दिवशी दाखवायला काय तयार आहे ते बघा. देखणा व्हिडिओ नको, खेळता येईल असा तुकडा हवा. तोही इतका की वीस मिनिटं खेळल्यावर आणखी खेळावंसं वाटतंय की नाही, हे तुमचं तुम्हाला कळेल.

पत्रासोबत तुम्ही दिलेली नव्या मोहिमेची लिंक मी उघडून पाहिली. व्हिडिओ सुंदर आहे. डेमो नाही. टीममध्ये अकरा नावं आहेत आणि मागितलेली रक्कम तितक्या लोकांना तीन महिनेसुद्धा पुरणार नाही. बाकीचा पैसा कुठून येणार याची एक ओळही मला सापडली नाही. वाढीव लक्ष्यं मात्र आठ आहेत. ४०० डॉलर्स म्हणजे आजच्या दराने आणि बँकेचा परकीय चलनावरचा आकार धरून पस्तीस हजारांच्या वर जातात. तुमच्यासारख्या नोकरदार माणसाने ते इथे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मन फारच ओढ घेत असेल तर मोहिमेच्या पानावर त्यांना हे विचारा : पूर्ण गेमचा एकूण खर्च किती धरलाय? या रकमेबाहेरचा पैसा कुठून येणार आणि तो नक्की झालाय का? लक्ष्यापुरतेच पैसे आले, त्याहून एक डॉलरही जास्त नाही, तर गेमचा कोणता भाग गाळणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्याने हिशोब केलाय त्याच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं. ज्याने केला नाही तो "आमचा चाहत्यांवर विश्वास आहे" असं काहीतरी लिहितो.

उत्तरं नीट आली तर सगळ्यात खालचा, फक्त गेमची प्रत देणारा टियर घ्या. ती रक्कम दिली त्याच दिवशी खर्चात टाका, येणे बाजूला धरू नका. उत्तरं आली नाहीत तर स्टीमवर त्या गेमचं पान असल्यास तो विशलिस्टला, म्हणजे तिथल्या तुमच्या हव्या असलेल्या गेमच्या यादीत, टाका. याला पैसे लागत नाहीत, आणि प्रकाशक विशलिस्टचे आकडे बघत असल्यामुळे स्टुडिओला त्याची खरी मदत होते. गेम पुढे अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला तर तेव्हा रुपयांत विकत घ्या. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. किकस्टार्टरवर मोहीम संपेपर्यंत साधारणपणे नाव मागे घेता येतं, पण तिथून पुढे तुमच्या हातात असं काहीही नसतं.

एकदा पैसे दिले की अपडेट वाचायची एक पद्धत ठेवा. सुरुवातीच्या अपडेटमध्ये खेळतानाचे तुकडे असतात, "हे जमलं नाही, असं बदललं" अशा ओळी असतात. प्रकल्प अडचणीत येऊ लागला की त्यांची जागा पात्रांची चित्रं घेतात. मग टी-शर्टचे रंग निवडायची मतदानं येतात. मग "आमचा मुख्य प्रोग्रॅमर नव्या वाटेने जातोय, त्याला शुभेच्छा" असं एक छोटं वाक्य मध्येच येऊन जातं. त्यानंतर "प्रकाशकांशी बोलणी चालू आहेत", आणि पुढे शांतता. मला वाटतं तुमच्या गेमचं असंच झालं असणार. जुने ईमेल काढून एकदा या नजरेने वाचा, पैसे नक्की केव्हा संपले तो महिना तुम्हालाच सापडेल.

आणि मामेभाऊ. मित्रांचे पैसे तुम्ही देणं लागत नाही. ते कमावते होते, त्यांनी पान पाहिलं, आपल्या मर्जीने दिले. त्यांना स्टुडिओचं शेवटचं पत्र पाठवा, काय झालं ते सांगा, पुरे. मामेभावाची गोष्ट वेगळी आहे. तो सतरा वर्षांचा होता. त्याने गेमवर नाही, दादावर विश्वास ठेवून दिवाळीचे पैसे दिले. ते साडेचार हजार तुम्ही त्याला द्या. कायद्याने तुमच्यावर काही येत नाही, तरी द्या. घरातल्या लहानाने आपल्या शब्दावर पैसे टाकले की ती जबाबदारी आपली असते, असं मी मानते.

मामींकडे स्वतः जा. पुढच्या कार्यक्रमाची वाट बघू नका आणि फोनवर उरकू नका. त्यांना क्राउडफंडिंग समजावत बसू नका, तो त्यांचा प्रश्नच नव्हता. "मामी, माझ्या सांगण्यावरून त्याने पैसे दिले होते. कंपनी बंद पडली, पैसे बुडाले. त्याचे मी आणलेत," एवढं म्हणा आणि पैसे त्यांच्या हातात न देता मामेभावाच्या हातात द्या, कारण ते त्याचे होते. तो नको म्हणेल. तरी द्या. आता तो एकवीस-बावीस वर्षांचा असेल, कमवायला लागला असेल किंवा लागेल, आणि एखाद्या दिवशी तोही अशाच एका पानावर कार्डाचा नंबर टाकायला बसेल. म्हणून त्याच बैठकीत त्याला माणूस-महिन्याचा हिशोब दाखवा, नव्या मोहिमेचं पान उघडून त्याच्याकडूनच गुणाकार करून घ्या. तुमच्या ४०० डॉलर्सचं काय करायचं ते त्याच्यासमोर बसून ठरवलंत तर तुम्हालाही सोपं जाईल.

घरी आल्यावर बँकेच्या ॲपमधून कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा. लागेल तेव्हा परत चालू करायला एक मिनिट लागतं.